उसन्या नाकाची जीप

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे चौसष्ट सालची आहे. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षे झाली होती आणि मी वडनेर भोलजीला येऊन तीन. मी एक जुनी जीप आहे. मूळची लष्कराची. तेव्हा माझा रंग हिरवा होता. पुढे एका ठेकेदाराने मला निळे केले, आणि इंद्रभानने घेतले तेव्हा दोन्ही रंग थोडे थोडे शिल्लक होते. आपण नेमके कोण, हा गोंधळ मला तेव्हापासूनच आहे.

इंद्रभान मळेकरी. वांगी, मिरची, कोथिंबीर माझ्यात भरून तो रोज नांदुऱ्याच्या स्टेशनावर नेई. वाटेत एक नाला होता. पावसाळ्यात त्याचे पाणी माझ्या बॉनेटला लागे. इंजिनाने श्वासाबरोबर पाणी ओढले की ते गेलेच समजा. म्हणून एका मिस्त्रीने माझे मूळचे नाक कापले आणि पत्र्याचा लांब नळा बसवून तो पार काचेच्या वर नेला. नळ्याच्या टोकावर कुठल्याशा मोडक्या ट्रकचा एअर फिल्टर त्याने ठोकून, वाकवून चढवला. एअर फिल्टर म्हणजे गाडीच्या हवेची गाळणी. त्याच्या वाटीत इंजिनाचे तेल असते. धूळ त्या तेलात बसते आणि स्वच्छ हवा आत जाते. उसने का होईना, त्या नाकाने मी तीन पावसाळे काढले.

इंद्रभानची आई तानाबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी दारात आले त्याआधीच तिला दिसेनासे झाले होते, त्यामुळे तिने मला कधी पाहिले नव्हते. मिरची निवडायला बसली की सुना तिच्या पाटीतल्या सडक्या मिरच्या गुपचूप काढून घेत. ते तिला कळे, आणि ती दिवसभर कोणाशी बोलत नसे. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, खामगावला डोळ्यांच्या ऑपरेशनचे शिबिर भरे. नावे सकाळी आठपर्यंत लिहीत. मागच्या साली ती एस.टी.ने गेली आणि पोचेपर्यंत नोंदणी बंद झाली. यंदा तिला मी नेणार होते. ती इंद्रभानला म्हणाली होती, "यंदा चुकलं तं मले पुन्हा म्हनू नोको. म्या येनार नाई."

आणि नेमकी दिवाळी झाल्यावर मी खोकू लागले. चढावर दम कोंडे, मागून काळा धूर निघे. मला वाटले, म्हातारपण आले.

नांदुऱ्याचा पुंजाजी मिस्त्री आला. त्याने माझ्या नाकाची वाटी उघडली आणि आत बोट घातले. बोट चिकटले.

"हे काय भरलं बे इंद्रभान? डिंक?"

इंद्रभानने काकाकडे पाहिले. उकंडराव त्याचा चुलता. बैलांवर आणि माझ्यावर त्याचा सारखाच जीव.

"मले काय पाहून राह्यला?" काका म्हणाला. "पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाचे खांदे तेलानं मळले. मंग हिनंच काय पाप केलं? वाटीतलं काळं तेल फेकलं, वाटी राखेनं घासली, अन् घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल भरलं."

"काका, जवसाचं तेल सुतार दाराले लावते. सुकते अन् पापडी धरते."

"दाराले सुकते हे मले मालूम हाये. नाकात बी सुकते हे कोनं सांगतलं?"

पुंजाजी हसला, पण काकाचा चेहरा पडला. खरवडता खरवडता फिल्टरचा गंजलेला डबा फुटला. आता नवा फिल्टर आणल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि शिबिर दोन दिवसांवर आले होते.

खरा गोंधळ इथून सुरू झाला. नांदुऱ्याच्या दुकानदाराने विचारले, "गाडी कोनती?"

"जीप."

"हा घ्या जीपचा."

"पन बसवलेला ट्रकचा व्हता."

"मंग ट्रकचा घ्या."

"पन नळा ट्रकचा नाई. तो टिनवाल्यानं वळलेला हाये."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "इंद्रभानभाऊ, गाडी एकाची, डब्बा दुसऱ्याचा, नळा तिसऱ्याचा. म्या सामान कोनाच्या नावानं देऊ?" याचे उत्तर मलाही देता आले नसते. शेवटी त्याने तीन फिल्टर बांधून दिले आणि म्हणाला, "जो बसंल तो ठेवा, बाकीचे वापस आना."

संध्याकाळी अंगणात सगळे माझ्याभोवती जमले. पहिला जीपचा. म्हणजे माझ्याच जातीचा, म्हणून मला आनंद झाला. पण तो नळ्याच्या तोंडात शिरेचना. स्वतःचेच नाक स्वतःला बसू नये, याचे फार वाईट वाटले. दुसरा ट्रकचा. त्याने मला भरपूर हवा मिळाली, पण भोवती बोटभर फट राहिली, आणि नवा जाड पत्रा ठोकून वाकेना.

"सायकलची टूब गुंडाळू," काका म्हणाला. "घट बसते."

"हलली तं फटीतून धूळ आत जाईन," पुंजाजी म्हणाला. "पुढच्या पावसाळ्याच्या आंधी इंजीन खलास."

तिसरा विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाचा. तो नळ्यावर असा बसला, जसे डब्यावर झाकण. पण तो होता तांब्याएवढा. इंद्रभानने ॲक्सिलरेटर जोरात दाबला आणि माझा श्वास कोंडला.

"नाक लहान अन् आवाज मोठा," काका म्हणाला. "आता आपल्या घरची शोभते."

इंद्रभानची बायको रुखमाबाई पदरात हसली. "काका, कोनाबद्दल बोलून राह्यले?"

इंद्रभान मात्र हसला नाही. त्याने ट्रकचा चढवला, काढला, पंपाचा चढवला, पुन्हा काढला. मोठा लावावा तर जीप वेळेत पोचेल, पण बिघडेल. लहान लावावा तर जीप शाबूत राहील, पण आईची वेळ हुकेल. ओट्यावर बसलेली तानाबाई बराच वेळ ऐकत होती.

"लहान्या नाकानं ही चालते का नाई?"

"चालते माय, पन हळू. बैलगाडीपेक्षा जराशी बरी."

"मंग येवढा घोळ काऊन घालून राह्यला? कोंबडं आरवायच्या आंधी निंघू. हळू जाऊ."

कोणाच्या डोक्यात हे आलेच नव्हते. इंद्रभानने पंपाचा फिल्टर घट्ट आवळला. वाटीत इंजिनाचे तेल पुंजाजीने ओतले. काका हात मागे बांधून उभा राहिला.

शिबिराच्या दिवशी इंद्रभान, तानाबाई, काका आणि मी अंधारात निघालो. नांदुरा सोडले आणि पुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली. सगळ्या खामगावच्या बाजाराला निघालेल्या. चाकांखालची धूळ आणि वाऱ्यावरची रुई माझ्या तोंडावर येत होती. इंद्रभानचा पाय अधीर झाला की माझा दम कोंडे, आणि मागून तानाबाई म्हणे, "पाय वर घे रे." एक दूधवाला सायकलवरून काकाशी गप्पा मारत बराच वेळ बरोबर आला आणि मग कंटाळून पुढे गेला. ती सगळी धूळ माझ्या वाटीत राहिली. शिबिरात पोचलो तेव्हा नावे लिहिणारा माणूस नोंदणी सुरू करण्याआधी टेबल पुसत होता.

ऑपरेशन झाले, आणि काही आठवड्यांनी तानाबाईची पट्टी सुटून जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्यावर ती एकटीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी जरा घाबरले. अंगावर दोन रंग, डोक्यावर पत्र्याचा नळा, त्यावर पंपाचे नाक.

"हे व्हय ती?" ती म्हणाली. "येवढुशीच? आवाजावरून म्या हत्ती समजत व्हते."

मग तिने पदराने माझी काच पुसली, आणि रुखमाबाईला हाक मारून मिरचीची पाटी बाहेर मागवली.

तानाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. मिरची स्वतः निवडायची आणि सुनांच्या पाटीतली सडकी काढून दाखवायची. उकंडराव बहात्तरच्या दुष्काळात, बैल मेल्यावर, त्यांच्यामागोमाग वारला. पुंजाजीने अकोल्याला मोठे गॅरेज काढले. रुखमाबाई ग्रामपंचायतीत निवडून आली. इंद्रभानने टेम्पो घेतला, पण मला विकले नाही. मी मळ्यात लिंबाखाली उभी आहे. इंजीन काढून नेले, फिल्टर शेवटी विहिरीवरच्या पंपावर गेला. माझे खरे नाक कोणते, ते मला अजून कळलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल, तर नुसत्या नावावरून त्याचे सामान आणू नका. झाकण उघडून आज त्याला काय बसवलेले आहे, ते आधी नीट पाहा. आणि माया आली म्हणून कोणाच्याही वाटीत तेल ओतू नका. त्याला कोणते चालते, ते आधी विचारा.