डिझेल मुरतंय कुठे

मामा म्हणजे स्वतःच्या सावलीचीही झडती घेणारा माणूस. पिकअपची जुनी चाकं काढून जड मालाची मोठी चाकं बसवली, तेव्हा शेवटचा नट आवळेपर्यंत ते टायरवाल्याच्या मानगुटीवर बसून होते.

"मालक, चाक मोठं झालं. आता तेवढ्याच रस्त्याला ते कमी वेळा फिरणार, म्हणजे मीटर कमी दाखवणार," टायरवाला म्हणाला.

मामांना वाटलं, लबाडी करायच्या आधीच हा सारवासारव करतोय!

आठवड्याभरात संशय पक्का झाला. गाडी भाचा चालवायचा. गोदाम तेच, रस्ता तोच, डिझेलही जवळपास तेवढंच. मीटरवर किलोमीटर मात्र कमी. म्हणजे पाणी मुरत होतं कुठेतरी, आणि ते पाणी नव्हतं, डिझेल होतं.

"मामा, टायरवाल्यानं सांगितलं होतं की," भाचा म्हणाला.

"तुम्ही दोघं म्हणजे एकाला झाकावा अन् दुसऱ्याला काढावा!"

दुसऱ्या दिवशी मामांनी भाच्याला शेजारी बसवलं आणि स्टेअरिंग स्वतः धरलं. डोळ्यांदेखत टाकी भरून घेतली, झाकणाला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली. वाटेत चहालाही थांबले नाहीत. परत येऊन बघतात तर मीटर तसंच कमी आणि टाकीही रोजच्याइतकीच उतरलेली.

भाचा खाली उतरला, दार हळूच लावलं आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "मामा, आज कोणी चोरलं?"

मामांनी कमरेची किल्ली चाचपून पाहिली.