कागदाची खालची पट्टी

गेबहार्ट सुताराने काढून दिलेला स्वयंपाकघराचा नकाशा हेडविगने मार्चमध्ये कात्रीने कापला. नकाशा तसा शाबूत राहिला. गेली ती खालची दोन बोटं रुंद पट्टी. तिच्यावर त्याचं नाव होतं आणि पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी खरडलेलं होतं. ते वाचायच्या भानगडीत ती पडली नाही. चोरी करताना कोणी वाचत बसतं का?

हो, चोरीच ती. आमच्या गावात सुताराने नकाशा टेबलावर ठेवला आणि तुम्ही तो ठेवून घेतला, की काम त्याचं झालं. पावती नाही, सही नाही. गेबहार्ट त्यासाठी दोनदा घरी आला होता. भिंती मोजल्या, आणि मग हेडविगला आणि ऑयगेनला कोपर दुमडून उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंतचं मापही घेतलं. "ओट्याची उंची भिंतीला नाही, कोपराला विचारायची असते," तो म्हणाला होता. नवरा ऑयगेन आणि तो गावच्या गायनमंडळात तीस वर्षं एकमेकांच्या शेजारी बसत आले होते. ऑयगेनच्या एका बाजूवरून वारं गेलं, त्यानंतर त्याला हाताला धरून पहिल्यांदा तालमीला नेलं तेही गेबहार्टनेच.

पण हेडविगच्या डोक्यात नणंदेचं स्वयंपाकघर बसलं होतं. इर्मगार्टकडे सगळं पांढरंशुभ्र, आरशासारखं, कपाटांना मुठीसुद्धा नाहीत. गेबहार्ट करणार बीच झाडाच्या लाकडाचं, मुठींचं, आणि तेही गोगलगाईसारखं सावकाश, ऑक्टोबरपर्यंत. हेडविगला घाई होती आणि हौसही. भीड इतकी, की त्याच्या तोंडावर नाही म्हणवेना. मग तिने त्याला सांगितलं, "आम्ही पुढच्या वर्षी बघू." आणि ऑयगेनला सांगितलं, "गेबहार्टकडे कामं फार आहेत, तो नाही म्हणाला."

कापलेला नकाशा घेऊन ती महामार्गालगतच्या मोठ्या दुकानात गेली. घरी येऊन मापं घ्यायचे वेगळे पैसे पडतील म्हणाले, तेव्हा तिने ऐटीत कागद पुढे सरकवला. "सगळी मापं आहेत."

दुकानातल्या पोरीने नकाशा पडद्यावर चढवला. "छान आखलंय हो कुणीतरी. पण हा टोकाचा ओटा एवढा खाली कशाला? रेष तुटते. काढून टाकू?"

"टाका काढून," हेडविग म्हणाली. मापांची जबाबदारी आपली, असं लिहिलेल्या कागदावर तिने सहीही केली.

जूनमध्ये दोन माणसं कपाटं घेऊन आली आणि दुपारपर्यंत सगळं उभं राहिलं. खरंच आरशासारखं. फक्त खिडकीच्या कोपऱ्यात ओटा आणि भिंत यांच्यामध्ये एक फट राहिली, एका टोकाला नखाएवढी आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटं जातील एवढी.

"भिंत वाकडी आहे, बाई."

"मग करा की काहीतरी!"

"मापं तुमची, सही तुमची." त्यांनी नकाशा ओट्यावर ठेवला आणि ते चालते झाले.

हेडविग फटीकडे बघत उभी असताना बाहेरच्या खोलीतून ऑयगेनचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता. "अरे गेबहार्ट, तुला वेळ नाही हे ठाऊक आहे मला, पण जरा येऊन जातोस का?"

नकाशा उचलून लपवावा एवढंही तिला सुचलं नाही. गेबहार्ट राहतो तीन घरं सोडून. पाच मिनिटांत तो हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर झाला.

"बघ ना," ऑयगेन म्हणाला. "तुला कामं होती म्हणून या दुकानवाल्यांच्या नादी लागलो, आणि त्यांनी ही फट ठेवली."

गेबहार्टने फट पाहिली, मग ओट्यावरचा नकाशा. त्याने कागदाच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. हेडविगला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"हो," गेबहार्ट म्हणाला. "फार कामं होती."

त्याने बीचची एक पट्टी घरून आणली, भिंतीला धरून रंध्याने तासली आणि फटीत बसवली. तोवर ऑयगेन संध्याकाळच्या कोशिंबिरीसाठी बटाटे सोलायला बसला. ओटा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीच्याही वर येत होता, म्हणून त्याने भांडं मांडीवर घेतलं. चालणाऱ्या हाताने तो सोलत होता आणि दुसऱ्याने भांडं कसंबसं दाबून धरत होता. गेबहार्टने ते एकदा पाहिलं. मग पेटी आवरली आणि जेवायलाही न थांबता गेला.

आमच्याकडे कुणी ओरडलं नाही, की ते कौतुकच समजायचं असतं. हेडविगला मात्र तो चार शिव्या देऊन गेला असता तर परवडलं असतं.

"काय माणूस आहे!" ऑयगेन म्हणाला. "वेळ नसताना धावत आला."

हेडविगने शिवणाचा डबा उघडला. नकाशाची कापलेली पट्टी तिने टाकली नव्हती. आमच्याकडे कोरी पाठ असलेला कागद कुणी टाकत नाही. तिने ती पहिल्यांदा वाचली आणि ऑयगेनच्या हातात दिली.

त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. 'खिडकीकडची भिंत तीन सेंटिमीटर बाहेर. ऑयगेनची बाजू खाली घेणे, त्याला बसून काम करता यावं. त्याने मागितलेलं नाही. मागणारही नाही.'

ऑयगेनने ते दोनदा वाचलं. मांडीवरचं भांडं एका बाजूला कलंडलं, ते त्याने सावरलं.

"हे तू कधी वाचलंस?"

"आत्ता."

"आणि कापलंस कधी?"

मग तिने सगळं सांगितलं, इर्मगार्टच्या कपाटांपासून 'टाका काढून' पर्यंत. सांगताना तिची नजर फरशीवरून हलली नाही. ऑयगेनही ओरडला नाही.

"गुरुवारी तालीम आहे," तो म्हणाला. "मला त्याच्या शेजारी बसायचंय."

"मी येते तुझ्याबरोबर. मीच त्याला सगळं सांगते."

"त्याला काय सांगतेस? त्याला सगळं ठाऊक आहे," ऑयगेन म्हणाला. "ठाऊक नव्हतं ते मला."