देवदाराचा दोष

तारा चढवून आठवडाही झाला नव्हता आणि उज्ज्वलाताईंच्या गिटारीची छाती बसली. छाती म्हणजे वरची फळी, जिच्यातून आवाज निघतो ती. तारा अडकवायच्या घोडीमागं ती फुगली होती आणि पुढं, भोकाच्या बाजूला, आत गेली होती. इसाकभाईंनी गिटार डोळ्यांसमोर आडवी धरली, उजेडात फिरवून पाहिली आणि तारा ढिल्या केल्या.

वडवणीच्या बसस्टँडमागं त्यांचं सुतारकामाचं दुकान. दारं, खिडक्या, दिवाण हे पोटापाण्याचं काम. गिटारीचा नाद तरुणपणी हैदराबादेत लागलेला. तिथं ते फर्निचरच्या कारखान्यात होते, आणि शेजारच्या गाळ्यात एक म्हातारे उस्ताद वाद्यं दुरुस्त करायचे. सुट्टी झाली की इसाकभाई त्यांच्याजवळ जाऊन बसत. गावी परतल्यावर वर्षाकाठी एखाद-दुसरी गिटार ते करत आले. बीडहून, आष्टीहून माणसं येऊन घेऊन जात. उज्ज्वलाताई मात्र वडवणीच्याच शाळेतल्या. पोरांची गाणी बसवायला त्यांना गिटार हवी होती, तीही गॅदरिंगच्या आधी.

"लाकूडच दगाबाज निघालं, ताई," इसाकभाई त्यांना म्हणाले. "बंकटनं दिलेलं देवदार. आतून कुजकं असणार."

बंकट त्यांचा जुना दोस्त. पाडलेल्या घरांची दारं, तुळया, फळ्या विकत घ्यायच्या आणि आपल्या वखारीतून विकायच्या, हा त्याचा धंदा. जुन्या लाकडातलं पाणी केव्हाच निघून गेलेलं असतं. नव्या लाकडाची छाती इथल्या उन्हाळ्यात तडकते. हे इसाकभाईच सगळ्यांना सांगत, आणि त्यांच्या प्रत्येक गिटारीची छाती बंकटच्याच वखारीतून आलेली होती.

बाजाराच्या दिवशी हॉटेलात चार माणसांत विषय निघाला, तेव्हाही ते तेच बोलले, आणि मोठ्यानं बोलले. अलीकडं ते सगळंच मोठ्यानं बोलत. "बंकटचा माल आता भरवशाचा न्हाई राह्यला. कुजकं लाकूड चोपडं करून देतोय." ऐकणाऱ्यांत बिभीषण नावाचा शेतकरी होता. नव्या घराच्या चौकटींसाठी त्यानं बंकटकडं सागवान सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते नको म्हणून कळवलं.

बंकट दुकानात आला तेव्हा इसाकभाई करवतीच्या मशीनवर फळ्या फाडत होते. त्यांची सून शाईस्ता दारापाशी दिवाणाच्या पायांना पॉलिश पेपर घासत होती. नवरा फैजान पुण्याला वेल्डिंगच्या कामाला गेल्यापासून ती दुपारची दुकानात येऊन हाताखाली काम करायची. बंकट इसाकभाईंच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. मशीन थांबलं.

"इसाक, कावून असं बोलला तू?" तो हळू आवाजात म्हणाला. "ती फळी तूच वाजवून निवडली व्हती. मी गळ्यात न्हाई मारली."

इसाकभाईंनी वळून पाहिलं. "आत्ता काय नको," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात बघू."

बंकटला आपली थट्टा चालली आहे असंच वाटलं असणार. तो वळला आणि शाईस्ताकडं न बघता पायऱ्या उतरून गेला.

"अब्बा, काय म्हणले ते?" शाईस्तानं विचारलं.

"काय न्हाई. माल पाहिजे का इचारत व्हता."

शाईस्ताच्या हातातला कागद थांबला. घरात तिनं दोनदा हाक मारावी आणि त्यांनी ओ देऊ नये, हे काही महिन्यांपासून चाललं होतं. वय झालं, तंद्री लागते, असं ती धरून चालली होती. पण आता तिला आठवलं, याच गिटारीची छाती रंधताना ते टिचकी मारून कान लावत, पुन्हा रंधत, पुन्हा कान लावत. शेवटी शेवटी तर त्यांचा गाल फळीला टेकलेला असायचा.

ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "अब्बा, राग नका धरू. तुमाला नीट ऐकू येत न्हाई."

"माझे कान ठीक हायत," इसाकभाई म्हणाले. "तू तुझं काम कर." त्यांनी मशीन सुरू केलं आणि ज्या फळीची गरज नव्हती तीही फाडली. त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाईस्ता सकाळीच दुकानात आली तेव्हा ते आधीच कामाला बसले होते. गिटारीच्या कडेला ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवत होते. गिटार चिकटवायला ते सरसच वापरत, कारण ऊब आणि ओल मिळाली की सरस सोडतो. सुरीचं पातं सरकवत सरकवत त्यांनी छाती सोडवली आणि उलटी करून मांडीवर घेतली. मग बल्बसमोर धरली. मधोमध उजेड आरपार, तांबूस दिसत होता. आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या काडीएवढ्या उरल्या होत्या.

कडेचा एक तुकडा त्यांनी मोडला. कुजकं लाकूड भुगा होऊन तुटतं. हा लांब, सरळ धाग्यानं फाटला आणि देवदाराचा ताजा वास आला. छाती पातळ करताना घुमारा उठला की रंधा खाली ठेवायचा, हे उस्तादांनी त्यांना पहिल्यांदा शिकवलं होतं. घुमारा कधीच उठून गेला होता. ते वाट बघत रंधत राहिले होते.

"शाईस्ता," ते म्हणाले, "माझ्यामागं उभी राह्य. ही फळी वाजव. मला ऐकू आलं की मी हात वर करतो."

तिनं वाजवलं. त्यांनी हात वर केला. मग जरा हळू वाजवलं, मग बारीक आवाजाची एक पट्टी घेऊन वाजवली. हात मांडीवरच राहिला. ती वाजवत राहिली, आणि शेवटी तिला ते बघवेना, म्हणून समोर आली.

"झालं का सुरू?" त्यांनी विचारलं.

"मघापासून वाजवतीय, अब्बा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पाहिलं आणि ते उठले.

बीड रोडवरच्या वखारीत बंकट तुळयांचे खिळे उपटत होता. इसाकभाईंनी देवदाराचा तुकडा त्याच्यापुढं धरला. "तुझ्या लाकडात खोट नव्हती. माझे कान गेलेत. मशीननं खाल्ले असतील. मी फळी पार पापड केली आणि नाव तुझं घेतलं."

बंकटनं तुकडा हातात घेतला नाही. त्यांना दिसेल असं तोंड करून तो सावकाश म्हणाला, "मला सांगून काय उपेग? जिथं बोललास तिथं सांग."

पुढच्या बाजाराला इसाकभाई त्याच हॉटेलात गेले. चहा मागवला नाही. खोट आपल्या कानांची होती, बंकटच्या लाकडाची नाही, हे उभ्याउभ्याच सांगितलं; बोलताना आवाज किती लागतोय ते त्यांना कळत नव्हतं. बिभीषण खाली बघत म्हणाला, "मी तर चौकटी दुसरीकडून आणल्या, भाई. बसवून बी झाल्या." कुणीतरी विचारलं, "मग आता गिटारी कशा करणार?" हा प्रश्न त्यांना ऐकू आला.

नवी फळी घ्यायला ते वखारीत गेले तेव्हा बंकट म्हणाला, "सुनेला घेऊन ये. ती ऐकंल. तू एकट्यानं निवडलेलं लाकूड मी न्हाई देणार." इसाकभाईंना ते लागलं. तरी दुसऱ्या दिवशी ते शाईस्ताला घेऊन गेले. फळी कडेला दोन बोटांत लोंबती धरायची आणि बोटाच्या पेरानं मधोमध ठोकायची, हे त्यांनी तिला दाखवलं. तिनं सात-आठ फळ्या वाजवल्या आणि एक बाजूला काढली.

"का हीच?"

"बाकीच्या ठक म्हणून गप होतात. ही बोलती राहती."

दुकानात त्यांनी रंधायचं आणि तिनं ऐकायचं, असं काम सुरू झालं. सोपं नव्हतं. "थांबा" म्हणाली तरी त्यांचा हात सवयीनं पुढं जाई. एकदा तिनं रंधाच धरला. पट्ट्या तासताना आवाज कसा झाला हे सांगायला तिच्याकडं शब्द नव्हते, म्हणून ती घरातलं सांगायची: आता भरल्या हंड्यासारखा, आता रिकाम्या पातेल्यासारखा. ढगाळ दिवस आले तेव्हा इसाकभाईंनी सरस लावायचं काम थांबवून ठेवलं, कारण ओलीत जोडलेली फळी ऊन पडताच आखडते. उज्ज्वलाताईंचं गॅदरिंग उसन्या पेटीवर होऊन गेलं. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश शाईस्तानं केलं, मलमलच्या बोळ्यानं, अगदी पातळ. थर जाड झाला तर छाती जड होते आणि आवाज दबतो, हे इसाकभाई रोज बजावत.

तारा चढवून महिनाभर गिटार भिंतीला टांगून ठेवली. छाती हलली नाही. मग उज्ज्वलाताईंना बोलावलं. त्यांनी दिवाणावर बसून वाजवायला घेतलं. जाड तारांचा आवाज इसाकभाईंपर्यंत पोचला. मग ताईंची बोटं बारीक तारांवर गेली, भराभर हलू लागली, आणि दुकानात त्यांच्यापुरतं काहीच वाजत नव्हतं.

"चाचा, कशी वाटती?" ताईंनी मान वर करून विचारलं.

"जाड तारा ऐकू येतायत. बारीक तारांचं हिला इचारा, ताई."

"गोड हाय," शाईस्ता म्हणाली. "पण दुसरी तार एका जागी घरघरती."

इसाकभाईंनी गिटार मागून घेतली, दांडीवरच्या पितळी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, एक उंच लागली तिथं कानस चालवली आणि परत दिली. घरघर थांबली, असं शाईस्तानं हातानं खुणावलं.

बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. मशीनवर कान झाकून बसायची सक्ती शाईस्तानं केली. बंकट लाकूड देतो, लाकडापुरतं बोलतो, पण पूर्वीसारखा दुकानात येऊन टेकत नाही. इसाकभाईंनी त्यानंतरही गिटारी केल्या. शाईस्ता फैजानकडं पुण्याला गेली की मात्र रंधा उतरवून ठेवतात आणि ती येईपर्यंत दिवाण करतात.