चौकोनवाले पेशंट

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे धाकटी बसते. कामावर तिला कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणतात, पण घरी ती धाकटी, आणि आपणही धाकटीच म्हणू, कारण ही गोष्ट तिच्या थोरल्या बहिणीच्या जिवावर बेतलेली आहे.

त्या सोमवारी सकाळी धाकटी भलतीच खुशीत होती. एकतीस वर्षांचा पेशंटांचा डेटाबेस, ब्याऐंशी हजार नावं, नव्या यंत्रणेवर न्यायचा होता, आणि महिनाभर तो हटून बसला होता. नवा डेटाबेस अक्षरांच्या बाबतीत महा चोखंदळ. प्रत्येक अक्षर त्याला त्याच्याच ठरलेल्या पद्धतीने साठवलेलं लागतं, नाहीतर तो सरळ हात वर करतो. जुन्यात मात्र एक्केचाळीस पेशंटांच्या 'शेरा' या रकान्यात कुणीतरी कुठल्या तरी काळात निराळ्याच पद्धतीची अक्षरं भरून ठेवलेली. स्क्रीनवर तिथे नुसते रिकामे चौकोन दिसायचे, एकापुढे एक. जुनी नावं भरून घेत तो त्या ओळींपर्यंत यायचा, 'अवैध अक्षरे' असं म्हणायचा आणि ठप्प व्हायचा. की पुन्हा पहिल्यापासून.

धाकटीने रेकॉर्ड विभागाच्या साहेबांना विचारलं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं की जुना कचरा आहे, झाडून टाका. तिनेही मग फार डोकं लावलं नाही. न बसणारी अक्षरं गाळून टाकणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, शनिवारी दुपारी चालवला, आणि डेटाबेस सुतासारखा सरळ झाला. जुन्याची एक प्रत बाजूला ठेवण्याएवढं शहाणपण तिला होतं. आता खरं सांगायचं तर तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी दुसरं काय केलं असतं? ब्याऐंशी हजारांत एक्केचाळीस ओळी. कोण उकरत बसतो?

त्या सोमवारीच दहा वाजता त्याच हॉस्पिटलात ताईचं ऑपरेशन होतं. पित्ताशयात खडे झाले होते. छोटं काम, दोन दिवसांत घरी, असं डॉक्टर म्हणाले होते. ताई धाकटीपेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि ताई सोळाची. वेण्या घालण्यापासून ते नोकरीचा अर्ज भरून घेण्यापर्यंत हिचं सगळं तिनेच केलेलं. सकाळी धाकटी वॉर्डात डोकावली तेव्हा ताई उपाशीपोटी वैतागलेली होती आणि भावोजी तिची बोलणी गपगुमान ऐकून घेत होते. कुठल्या औषधाचा त्रास होतो का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर ताई म्हणाली, मला त्रास फक्त ह्यांचा होतो. सगळे हसले. डॉक्टरांनी तरी स्क्रीनवर नजर टाकली. शेऱ्याचा रकाना रिकामा होता.

पावणेदहाला तळमजल्यावर मोठ्या सिस्टर आल्या. ही बाई पंचवीस वर्षं औषधांच्या काउंटरवर बसलेली, आणि एवढ्या वर्षांत या खोलीच्या वाटेला कधी फिरकली नव्हती. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "मॅडम, ते चौकोन कुठे गेले?"

धाकटीला वाटलं, चला, कुणाला तरी आपल्या कामाची किंमत कळली. काढून टाकले, असं तिने फुशारकीनेच सांगितलं. सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा चेहरा पाहून धाकटीचं हसू आपोआप मावळलं.

सिस्टरनी सांगितलं ते असं. काउंटरवर नवीन आलेल्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं की ज्याच्या नावापुढे चौकोन, त्याला इंजेक्शन परस्पर द्यायचं नाही. आधी घरी फोन करून विचारायचं, मग हातावर थेंबभर टोचून बघायचं, आणि मगच पुढे जायचं. फार पूर्वी त्या जागी शब्द असत. नोंदणीवर आप्पा म्हणून एक गृहस्थ होते. कुणाला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते आप्पा त्या रकान्यात टाइप करून ठेवत, कारण जुन्या फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळी जागाच नव्हती. आप्पा निवृत्त झाले, मशीनं बदलली, आणि शब्दांचे चौकोन झाले. वाचता येईना, पण चौकोन दिसताहेत ना, मग आपलं भागतंय, असं सगळे धरून चालले. डॉक्टर बदलले, साहेब बदलले, तरी 'चौकोनवाले पेशंट' काउंटरवर कायम राहिले. फक्त तळमजल्यावर हे कुणी कधी कळवलं नव्हतं. आज सकाळी एक शिंपी आला, नेहमीचा चौकोनवाला, आणि त्याच्या नावापुढे काहीच नव्हतं. म्हणून सिस्टर खाली आल्या होत्या.

धाकटीच्या लक्षात आलं. आपण कचरा काढला नव्हता, आपण धोक्याच्या पाट्या उखडून टाकल्या होत्या. तिने जुनी प्रत उघडली. ताई लहानपणी याच हॉस्पिटलात यायची हे तिला माहीत होतं, पण ताईचं नाव टाइप करताना तिला मनातून खात्री होती की तिथे काही नसेल. उगाच आपलं बघायचं म्हणून बघायचं.

ताईच्या नावापुढे दीड ओळ चौकोन होते.

तिने ऑपरेशन थिएटरला फोन लावला. वाजत राहिला. सिस्टर काउंटर थांबवायला धावल्या आणि धाकटी जिन्याने तीन मजले चढली, कशी ते तिचं तिलाच आठवत नाही. थिएटरच्या दारात वॉर्डबॉयने चपला काढायला सांगितलं. ती चपलांसकट आत घुसली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई ताईवर वाकल्या होत्या, कुणीतरी आकडे ओरडून सांगत होतं, आणि टेबलावर जी बाई होती ती धाकटीला क्षणभर ओळखूच आली नाही. ओठ सुजले होते, डोळे मिटून गेले होते, गळ्यावर लाल चट्टे उठले होते. इंजेक्शन देऊन चार मिनिटं झाली होती.

"तिला ॲलर्जी आहे," धाकटी म्हणाली. "रेकॉर्डमध्ये होतं."

डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलंही नाही. इंजेक्शनचाच संशय त्यांना होता, आता तो पक्का झाला. त्यांनी दुसरं औषध मागितलं आणि धाकटीला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर पाऊण तास गेला. भावोजी येरझाऱ्या घालत होते. धाकटी मात्र बसून होती. तिला रडू येत नव्हतं, देवाची आठवण येत नव्हती, डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती म्हणजे तो चार ओळींचा प्रोग्रॅम. किती सुबक लिहिला होता तो! शनिवारी घरी जाताना तिने स्वतःचंच कौतुक केलं होतं.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की जिवावरचं टळलं, ऑपरेशन पुढे ढकलू, तासाभराने भेटा. भावोजी मटकन खाली बसले. धाकटी तळमजल्यावर गेली.

आता तिने ते काम केलं जे शनिवारी करायला हवं होतं. आप्पांच्या काळात अक्षरं साठवण्याच्या ज्या ज्या पद्धती चालायच्या, त्या एकेक करून तिने त्या चौकोनांना लावून पाहिल्या. पहिलीने काहीतरी अगम्य निघालं, दुसरीनेही तेच. तिसरी लावली आणि चौकोनांचे शब्द झाले. अख्ख्या खटपटीला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! ताईच्या नावापुढे औषधाचं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं: 'वय पाच. श्वास कोंडला, थोडक्यात वाचली. पुन्हा कधीही देऊ नये. आईने तीनदा बजावले आहे.'

आईने बजावलं होतं. आईचं हे वाक्य एकतीस वर्षं तिथे होतं, आणि धाकटीने ते आपल्या हाताने पुसलं होतं. आता कुठे तिला हुंदका फुटला.

ती वर आली तेव्हा ताईला वॉर्डात आणलं होतं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे अर्धे उघडले होते. भावोजी धाकटीला पाहताच उठले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की तुमची मेहुणी धावत आली आणि कारण पक्कं कळलं. तू होतीस म्हणून आज ही आहे, असं ते परत परत म्हणत होते. बाजूच्या खाटेवरची बाईसुद्धा म्हणाली की बहीण असावी तर अशी.

गप्प राहता आलं असतं. साहेबांचं नाव पुढे करता आलं असतं. कुणी विचारायला येणार नव्हतं.

"भावोजी, ते रेकॉर्डमधून मीच पुसलं होतं," धाकटी म्हणाली. "शनिवारी. कचरा समजून."

भावोजींचा हात तिच्या डोक्यावरून खाली आला. ते तिच्याकडे बघत राहिले, जणू ही कोण बाई आहे असं. मग ते खिडकीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले. धाकटीला वाटलं, यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं.

ताईने मास्क बाजूला सारला. तिचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "माझं एकटीचंच पुसलंस?"

"नाही. आणखी चाळीस जणांचं."

"त्यांना सांगितलंस?"

धाकटीने सांगितलं नव्हतं. शब्द तर सगळ्यांचेच परत आले होते, तिच्या समोर, स्क्रीनवर. तिने फक्त ताईची ओळ वाचली होती आणि खोलीला कुलूप लावून वर आली होती. सिस्टरनी इथला काउंटर थांबवला होता खरा, पण शनिवार दुपारपासून आज सकाळपर्यंत जे येऊन गेले, त्यांचं काय?

"मग माझ्या उशाशी काय बसलीस?" ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

धाकटी खाली गेली. यादी छापून तिने अर्धी सिस्टरना दिली, अर्धी स्वतःकडे ठेवली. शनिवारनंतर हॉस्पिटलात येऊन गेलेली तीन नावं तिच्या अर्ध्या यादीत होती. त्यातलं पहिलं एका शाळामास्तरांचं होतं, रविवारी इंजेक्शन घेऊन घरी गेलेल्या. तिने नंबर लावला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना.