एका सुताची फट

एका सकाळी घराच्या मागच्या अंगणात दोन चाकं आणि एक गंजलेला ॲक्सल येऊन पडला, आणि बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला.

बाई म्हणजे घड्याळजींची बायको. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि चौकशी केल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही अशांपैकी एक. "हे काय?" त्यांनी विचारलं. "चाकं," घड्याळजी म्हणाले, आणि डोळ्याला भिंग लावून पुन्हा कुणाच्या तरी मनगटी घड्याळात बुडाले. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचंही नाही, ही त्यांची जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी अंगणात चार खुंट्या आणि त्यांना ताणून बांधलेली सुतळी दिसली. बाईंनी पावलं टाकून मोजलं, बारा फूट बाय सहा. कोंबड्यांचं खुराडं म्हणावं तर मोठं, खोली म्हणावी तर लहान, आणि या दोन्हींना चाकं कशाला? तिसऱ्या दिवशी प्लायवूड आलं, सागाच्या पट्ट्या आल्या. चौथ्या दिवशी दुपारी बाई जरा आडव्या झाल्या होत्या. जाग आली तर नवरा शेजारी गुडघे टेकून त्यांच्या टाचेपासून टाळूपर्यंत टेप धरून बसलेला.

"अहो! जिवंत आहे मी अजून!"

"हलू नको. एकशे पंचावन्न सेंटिमीटर, वर चार मिलिमीटर."

"माप कसलं घेताय?"

"पलंगाचं."

"पलंग आहे की घरात. त्यावरच तर झोपलेय."

"हा चाकांवरचा," घड्याळजी टेप गुंडाळत म्हणाले. "नदीच्या मुखापर्यंत जाणारा."

बाई ताडकन उठून बसल्या. नदी त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. उगमापासून मुखापर्यंत ती फळ्यावर किती वेळा काढली असेल याला गणती नाही. शेवटच्या वर्षी एका मुलीनं हात वर करून विचारलं होतं, "बाई, नदी नेमकी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो?" बाईंनी निळ्या खडूनं एक रेघ मारली. ती मुलगी म्हणाली, "तुम्ही पाहिलंय?" एकतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नाही. पाहून सांगते." ते सांगणं राहून गेलं होतं आणि मनाला टोचत होतं.

घोडं अडलं होतं ते घड्याळजींच्या झोपेपाशी. मुख दोन दिवसांच्या वाटेवर, म्हणजे मध्ये एक मुक्काम आला, आणि या माणसाला परक्या जागी झोप येत नसे. लग्नानंतरच्या वर्षी दोघं एकदाच बाहेर गेले होते. लॉजच्या खोलीत हा गृहस्थ रात्रभर पलंगावर बसून राहिला आणि पंखा, टाकी, जिन्यातलं दार एकेक ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी दोघं परत आले, आणि मग कधी कुठे गेलेच नाहीत. "तू भावाबरोबर जाऊन ये," असं ते दरवर्षी म्हणत. बाई गेल्या नाहीत. नेमकं कुठे काय संपतं यावर हुज्जत घालणारा माणूस जगात त्यांना एकच माहीत होता, आणि तो बरोबर नसेल तर त्या बघण्यात काय मजा?

तर आता घरच बरोबर न्यायचं, असा घड्याळजींचा बेत होता. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच आठवड्यात गाडी शिकायला नाव घातलं. त्यांचा धाकटा भाऊ सुतार होता आणि त्याच्याकडे जुनी जीप होती. घर ओढायला ती मिळणार होती. चालवणार बाई, कारण घड्याळजी रस्त्यावर सायकलसुद्धा उतरून ढकलत नेत.

घड्याळजींनी लाकडाला कधी हात लावला नव्हता, पण हात असा की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. चौकट उभी राहिली, भिंती लागल्या, छताला गोलाई आली. आत पलंग, पलंगाखाली सहा खण, भिंतीतून उलगडणारं टेबल. खण नुसत्या बोटानं सरकायचे आणि आपले आपण थांबायचे. बाई रोज संध्याकाळी नवीन काय झालं ते बघायला जात, खण उघडून आत डोकावत, स्क्रू कुठे आहेत ते शोधत. ते सापडत नसत. गल्लीतली माणसंही येत. घड्याळजींना वेळ विचारायची सगळ्यांना सवयच होती. त्यांना घड्याळाकडे बघावं लागत नसे, झोपेत विचारलं तरी मिनिटासकट सांगत. आता लोक वेळ विचारायच्या निमित्तानं येत आणि फिरतं घर बघून जात. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार, दुसरं काय!

सुतार मेव्हणा मात्र दाराशीच थबकला. दार आणि चौकट यांच्यामध्ये त्याला नखसुद्धा घालता येईना.

"भावजी, फट ठेवा. एका सुताची तरी."

"सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग. लाकूड जिवंत असतं हो. ओल लागली की फुगतं."

"माझ्या धंद्यात फट म्हणजे चूक," घड्याळजी म्हणाले. "फटीतून धूळ जाते. धूळ गेली की घड्याळ गेलं."

"हे घड्याळ नाही, दार आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. मेव्हणा बहिणीकडे बघून हसला आणि निघून गेला.

दीड वर्षात घर तयार झालं. आणि मग तीन वर्षं झाली तरी तयारच होत राहिलं. कडी चार वेळा बदलली. खणांच्या मुठी काढून पुन्हा घासल्या. बाईंना लायसन्स मिळून जुनं झालं. "या महिन्यात निघू," म्हटलं की घड्याळजी एक बिजागरी दाखवत आणि म्हणत, "एवढी झाली की." हळूहळू बाईंना एक वाईट शंका यायला लागली, आणि ती त्या कुणापाशी बोलल्या नाहीत. हा माणूस घर निघायला बांधतोय, की निघायला लागू नये म्हणून बांधतोय?

शेवटी त्यांनीच हट्ट धरला की निदान अंगणात तरी एक वामकुक्षी होऊन जाऊ दे. तीन दिवस धुकं आणि झिमझिम होती. दुपारी जेवून दोघं आत गेले. दार लागताना डबीचं झाकण बसावं तसा बारीक आवाज झाला आणि घड्याळजींचा चेहरा खुलला. दोघं पडले. बाईंना डुलकी लागली. उठून पाहतात तर नवरा छताकडे बघत जागाच.

"झोप नाही लागली?"

"लागेल. हळूहळू." ते उठले, कडी काढली, दार ढकललं.

दार हललं नाही. त्यांनी खांदा लावला. बाईंनी खांदा लावला. मग दोघांनी मिळून लावला. खिडकीही त्याच हातची, तीही बसली ती बसलीच. तीन दिवसांची ओल पिऊन लाकूड फुगलं होतं, आणि फुगायला घड्याळजींनी केसाएवढीही जागा ठेवली नव्हती. बाईंनी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "एका घरी कपाट बसवतोय, दोन तास लागतील. हवा येते ना आत?" हवा येत होती, छताला झडप होती. त्याचं हसू फोनमधून ऐकू येत होतं.

बाईंनाही आधी हसू आलं. मग नवऱ्याकडे बघितलं आणि हसू ओसरलं. घड्याळजी मान खाली घालून पलंगाच्या कडेवर बसले होते. पळायला जागा नाही, लपायला भिंग नाही. बाईंनी मनातलं विचारून टाकलं.

"खरं सांगा. तुम्हाला जायचंय का?"

घड्याळजींनी पलंगाखालचा एक खण उघडला आणि पुन्हा लावला.

"जायचंय गं," ते म्हणाले. "पण भीती वाटते. घरातला आवाज न् आवाज मला ओळखीचा आहे. बाहेर काही वाजलं आणि ते काय आहे हे कळलं नाही, की वाटतं काहीतरी बिघडतंय आणि मी नुसता पडून आहे. म्हणून म्हटलं, असं घर करावं, ज्यात काही वाजणारच नाही."

चाळीस वर्षांत बाईंना हे माहीत नव्हतं. त्या समजत होत्या, हट्ट आहे. नवऱ्याची कीव आली आणि स्वतःचा रागही आला, की जगाच्या चौकशा करणाऱ्या बाईनं हा एक प्रश्न इतकी वर्षं विचारला कसा नाही!

संध्याकाळी भावानं बाहेरून पटाशी घालून दार उचकटलं. "भावजी, तुम्ही घर नाही, लोणच्याची बरणी केलीत," तो म्हणाला. घड्याळजी हसले नाहीत. फुटलेली कड बोटानं चाचपत म्हणाले, "नवीन दार करतो. चांगलं वाळलेलं लाकूड आणून. चार महिने लागतील."

चार महिन्यांनंतर आणखी चार महिने असतात हे बाईंना आता पुरतं कळलं होतं. त्यांनी भावाच्या पिशवीतून रंधा काढला.

"ताई, काय करतेस?"

"दार काढ बिजागरीतून आणि दोन स्टुलांवर आडवं टाक."

भावानं एकदा भावजींकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि मुकाट्यानं स्क्रू काढायला लागला. बाईंनी जन्मात रंधा मारला नव्हता. पहिला हात हवेतून गेला, दुसरा लाकडात रुतला, तिसऱ्याला एक लांब साल सुटली आणि त्यांच्या पायाशी पडली. घड्याळजी तोंडावर हात ठेवून उभे होते. दोनदा पुढे आले, दोनदा थांबले. पण "नको" म्हणाले नाहीत. दार पुन्हा बसवलं तेव्हा भावानं सांगितलेली एका सुताची फट कुठे एक सूत होती, कुठे दोन, आणि वरच्या बाजूला तर उजेडाची चांगली चीर दिसत होती.

"चार ठिकाणी चार मापं आहेत," घड्याळजी हळूच म्हणाले.

"उघडतं ना? परवा निघायचं."

ते फटीकडे बघत राहिले. "पहिल्या मुक्कामाला झोप नाही लागली तर तिथूनच परत यायचं."

"यायचं," बाई म्हणाल्या. सौदा रास्त होता.

ठरल्या दिवशी जीप निघाली. बाई चाळीसच्या वर गेल्या नाहीत. नदी डाव्या हाताला, कधी दिसे, कधी झाडांमागे जाई, आणि प्रत्येक वळणाला बाई ओरडत, "हे नकाशात आहे! हेही आहे!" घड्याळजी मान वळवून मागचं घर येतंय ना ते बघत. संध्याकाळी लाकडाच्या एका बंद पडलेल्या वखारीशी दोघं थांबले. राखणदारानं आवारात गाडी लावू दिली, शिवाय घराला एक चक्कर मारून खण उघडून पाहिले.

दिवा मालवला आणि नदीवरून वारा सुटला. दारातून बारीक आवाज यायला लागला. आधी सूंऽऽ, मग थोडा वर चढून शीळ. घड्याळजी उठून बसले.

"हे काय वाजतंय?"

इथवर येऊन सगळं आपल्याच हातानं घालवलं, असं बाईंना वाटलं. घड्याळजी अंधारात उठले आणि दाराच्या कडेवरून तळवा फिरवू लागले. खालून वर, अगदी सावकाश. वरच्या बिजागरीपाशी हात थांबला.

"इथे आहे. इथे तू रंधा दोनदा मारलास."

"कापड कोंबू का?" बाईंनी चाचरत विचारलं.

"कशाला?" ते परत येऊन पडले. "कळलं ना काय आहे ते. तुझी फट आहे."

बाई बराच वेळ कान देऊन पडल्या, आणि ऐकता ऐकता त्यांचाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. पहिला विचार आला तो हा, की घड्याळजी केव्हाचे उठले असतील आणि जीप घराच्या दिशेनं वळव म्हणून सांगायला वाट बघत बसले असतील. त्यांनी कूस बदलली. घड्याळजी तिथेच होते. तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळलेला, आणि बाईंनी वाकड्या रंध्यानं केलेल्या चिरीतून आलेलं ऊन सरळ कपाळावर. वारा पडला होता, आता घोरण्याचाच काय तो आवाज होता.

बाई मांजराच्या पावलांनी बाहेर आल्या आणि पायरीवर नकाशा मांडीवर घेऊन बसल्या. नदी इथे रुंद झाली होती. मुख अजून एका दिवसावर होतं, तिथे काय दिसेल, रेघ असेल की नसेल, काही कळत नव्हतं, आणि ते कळत नसल्याचाच त्यांना आनंद होत होता. डोळे उगीचच भरून येत होते. ते त्यांनी पदरानं पुसून टाकले आणि नकाशात मान घातली.

आतून पलंग करकरला. मग झोपाळलेला, दबका आवाज आला.

"अगं, किती वाजले?"

बाईंनी नकाशातून मान वर केली. सगळी गल्ली ज्याला वेळ विचारायची, त्या माणसानं चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणाला विचारलेला त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी मनगटाकडे पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"साडेसहा," बाई म्हणाल्या. "झोपा अजून."

आणि घड्याळजींनी ते खरं मानलं, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागले.