पायांपासून उजळलेलं कुत्रं

"ढकलू नका हो मागनं, माझ्या टोपलीत अंडी आहेत!"

"मग आमच्या टोपलीत काय दगड आहेत? झाइबोल्डसाहेबांना सगळ्यांनाच भेटायचंय."

त्या दोघींच्या मधे अफ्रा चेंगरून उभी होती. जर्मनीतल्या आल्बच्या पठारावरच्या त्या धनगरगावातली खानावळ माणसांनी फुगली होती. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाची गाय आटलेली आणि बहुतेकींचं माणूस रशियात राहिलेलं. युद्ध संपून चार वर्षं झाली होती. अफ्राच्या नवऱ्याचा, वेंडेलिनचा, मेल्याचा निरोप नव्हता आणि जिवंत असल्याचाही नव्हता. असल्या बायकांना गावात नेमकं कुठं बसवायचं ते कुणाला कळत नसे. त्या विधवांत बसत नसत आणि नवरेवालींतही नाही.

झाइबोल्ड पूर्वी शिवणयंत्रं विकायचा म्हणे. आता तो ताटातूट झालेले जीव जोडून द्यायचा. दोऱ्याला टांगलेली पितळी गोळी हातात आणि लोणी आवाजात.

"धनगर होता ना तुमचा नवरा? कुत्रा होता त्याचा?"

"होता. लष्करानं त्यालाही नेला."

"मग वाट चुकणारच की, ताई! कुत्र्याशिवाय धनगराला घर कधी सापडलंय?" त्यानं एक काळंभोर पिल्लू तिच्या ओटीत ठेवलं. "नीट बघून घ्या. हा काळोख म्हणजे रशियातली रात्र. तुमचा माणूस निघाला, की याचे पंजे उजळतील. उजेड गुडघ्याला आला, की पोलंड ओलांडलं समजा. छातीवर आला, की सरहद्द. आणि तोंड उजळलं, की ताई, दार उघडं ठेवा. मात्र कुणापाशी बोलायचं नाही, याला दुसऱ्या कुत्र्यांत सोडायचं नाही. धागा तुटतो."

धाग्याला ऊब लागते म्हणून त्यानं वेंडेलिनचा लोकरी कोट मागून घेतला. धाग्याला भूकही लागत असावी, कारण धुरी देऊन टिकवलेली मांसाची एक तंगडीही त्याच्याबरोबर गेली.

आणि खरोखरच पंजे उजळले!

दुसऱ्या गावात लोकांनी कदाचित नुसती मान हलवली असती. पण इथं प्रत्येकाला कुत्र्यांतलं कळत होतं. इथल्या धनगरांची कुत्री पिढ्यान्पिढ्या काळी, कान अर्धे दुमडलेले. काळी जन्मायची आणि काळीच मरायची. म्हातारा इग्नाट्स चष्मा लावून आला, पिल्लाचा पाय वळवून वळवून पाहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"उभा जन्म कुत्र्यांत काढलाय मी. काळं कुत्रं कधी उजळलेलं पाहिलं नाही."

झालं. इग्नाट्सनं टोपी काढल्यावर गावात शंका घेणार कोण?

अफ्रा घराबाहेर पडेनाशी झाली. कुणी काही विचारलं आणि तोंडून शब्द गेला तर? संध्याकाळी ती पिल्लाला मांडीवर घेऊन पायांवर बोट फिरवायची. "कुठवर आलात हो? थंडी आहे का तिकडं?" आत सासूबाई, क्रेसेन्झ, टेबलावर तिसरी ताटली मांडायच्या. डाळीचं कालवण दोघी खाली मान घालून खायच्या. तिसऱ्या ताटलीकडे दोघीही बघत नसत.

उन्हाळ्यात पिल्लाचे कान उभे राहिले. झाइबोल्ड म्हणाला, "ऐकू येतायत त्याला पावलं!" पुढं एक कान पुन्हा पडला, तेव्हा त्यानं डोळे बारीक केले. "बोललात वाटतं कुणाशी?" अफ्रा रात्रभर आठवत राहिली, आपण कुणाशी काय बोललो.

पाला पिवळा पडला तसा इग्नाट्स पुन्हा आला. "तुझ्या मेंढ्या माझ्या कळपाबरोबर खाली नदीकाठी पाठव, अफ्रा. बर्फ पडल्यावर इथं त्यांना काय घालशील? गवत आहे का तेवढं?"

"वेंडेलिन नेतील."

इग्नाट्सनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई चुलीतली राख ओढत बसल्या.

माडीवर युद्धानंतर पूर्वेकडच्या सायलेशियातून हाकलून दिलेली एक बाई सरकारनं आणून ठेवली होती. हेडविग मास्तरीणबाई, चार गावांतल्या शाळा सायकलवरून सांभाळायच्या. गोठ्यात कुत्र्याचा पडलेला कान धरून रडणारी अफ्रा त्यांना दिसली.

"अगं, दात येतायत त्याला. येईल कान वर."

"बोलू नका, बाई! धागा तुटेल!"

"कसला धागा?"

मग इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. बराच वेळ कुत्र्याच्या पिवळसर छातीवरून हात फिरवत राहिल्या.

"पलीकडच्या गावी मी शिकवते ना, तिथं एका बाईकडे हुबेहूब असंच कुत्रं आहे. म्हणजे तिचा नवराही सरहद्दीवर आलाय म्हणायचं."

"खोटं आहे!"

"असेल. संत वेंडेलिनच्या दिवशी कुत्र्याला घेऊन टेकडीवर ये. तुझी तू बघ."

त्या दिवशी सगळं पठार आपापली जनावरं आशीर्वादाला टेकडीवरच्या देवळापाशी नेतं. तो धनगरांचा संत, आणि नवऱ्याचं नावही तेच. तिथं कसं नाही म्हणायचं? सासूबाईही काठी टेकत निघाल्या.

टेकडीवर मेंढ्या, घोडे, कोंबड्यांचे पिंजरे. आणि दोरीनं धरलेली चार कुत्री, अफ्रा धरून चार गावांच्या चार बायकांच्या हातात. काठीसारखे उभे कान, सोनेरी पाय, सोनेरी छाती, पाठीवर तेवढं काळं खोगीर. पाद्रीबुवा पाणी शिंपडायला वळतात तोच चौघांनी दोऱ्यांना हिसडा दिला आणि गवतात एकच धिंगाणा! लोळण काय, एकमेकांचे कान चावणं काय!

बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. एकमेकींच्या हातातल्या रिकाम्या दोऱ्यांकडे बघत राहिल्या.

"तुमचा कुठवर आलाय?" एकीनं हळूच विचारलं.

"छातीवर. तुमचा?"

"माझाही."

गर्दीत झाइबोल्ड होताच, वेंडेलिनच्या कोटात. त्यानं हात पसरले. "अहो, आनंद करा! चौघं एकाच गाडीनं येतायत!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू वाढत गेलं. झाइबोल्डनं कोटाची बटणं लावायला घेतली.

मास्तरीणबाई देवळाच्या पायरीवर चढल्या. "माझ्या वडिलांकडे हीच जात होती. तिची पिल्लं जन्मतात ती जवळजवळ काळी. पंजे, भुवया, शेपटीखाली तेवढी पिवळी झाक, ती काळ्या केसांत दिसतही नाही. मोठं होताना पिवळं पायांवरून वर चढतं, तोंडावर येतं आणि काळं मागं हटत पाठीवर उरतं. कान लहानपणी पडलेले, मग उभे, दात येताना पुन्हा एखादा पडतो. या झाइबोल्डसाहेबांनी एका वेताची पिल्लं वेगवेगळ्या गावांत वाटली. दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नका म्हणाले, ते याचसाठी."

"मी कसा फसलो मग?" इग्नाट्स ओरडला. "मला कळतं की कुत्र्यांतलं!"

"तुम्हाला तुमच्या कुत्र्यांतलं कळतं, काका. आधी पाहिलं नाही एवढंच झालं होतं. त्याचा चमत्कार करू नका. विचारा, शेजारच्या गावात जाऊन बघा, आणि 'कुणाशी बोलू नका' असं जो सांगेल, त्याच्याबद्दल तर सगळ्यांशी बोला."

झाइबोल्डच्या अंगातून कोट इग्नाट्सनंच उतरवला आणि अफ्राच्या हातात दिला. कोटाला आता परक्या तंबाखूचा वास होता. ती तो छातीशी धरून उभी राहिली. आता संध्याकाळी विचारायचं कुणाला, कुठवर आलात म्हणून? कुत्रं धापा टाकत परत आलं आणि तिच्या पायाशी बसलं. कुत्र्यासारखं कुत्रं.

"बाई," ती पुटपुटली, "रंगाचं खोटं असेल. पण त्यामुळं ते येणारच नाहीत असं थोडंच ठरतं?"

इग्नाट्सनं नजर मेंढ्यांकडे वळवली. पाद्रीबुवा पाण्याचं भांडं पुसू लागले.

क्रेसेन्झ काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी सुनेच्या हातातला कोट घेतला, नीट घडी केली, काखेत धरला.

"मेंढ्या खाली पाठव, पोरी," त्या म्हणाल्या. "माझा वेंडेलिन मेलाय. तू वाट बघत होतीस, म्हणून मी ताटली मांडत होते."