सुकेळी कुणी सांगितली

सॅन्टन सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ तोंड नेऊन तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली. 'हा मजकूर धर्मग्रामाच्या संकेतस्थळावर जसाच्या तसा आढळल्यामुळे काढून टाकला आहे.'

कालपर्यंत तिथे सुकेळीवरचा लेख होता. वटार गावात राजेळी केळी सोलून उन्हात कशी वाळवतात, कशी बांधतात, ते सगळं. इंटरनेटवरच्या त्या मुक्त ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं असं यंदा, २००७मध्ये, कळल्यावर निवृत्त सरांनी शनिवारच्या वर्गातली मुलं कामाला लावली होती. चंदनसारहून येणाऱ्या आठवीतल्या ज्ञानदाने सुकेळी घेतली. सरांनीच तिला सोपा रस्ता दाखवला: आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, १९७९च्या स्मरणिकेतला माझा लेख त्यांच्या संकेतस्थळावर आहे, तोच टाइप कर.

"सर, आपल्याला चोर म्हणतायत ते," ज्ञानदा म्हणाली. "लेख तर तुमचाच आहे. स्वतःचीच चोरी कशी काय?"

"चोर नाही म्हणत, विचारतायत. तो माझाच आहे हे त्यांना तिकडून कसं दिसणार? खाली वाच."

खाली लिहिलं होतं की, मूळ लेखक स्वतः असाल तर तसं लिहून कळवा. आणि हा मजकूर कुणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा, अशी कायमची परवानगी द्या.

"विकू पण द्यायचं?"

"देऊ. सुकेळी करणारी चार घरं राहिलीत गावात. लेख परत चढल्याशिवाय आज जेवायचं नाही."

आधी कच्चं लिहायचं ही सरांची मुलांना लावलेली शिस्त. त्यांनी कोरा कागद घेतला. 'सदर लेखातील प्रत्येक शब्द माझा स्वतःचा...'

"सर, ते दवाचं वाक्य मला सगळ्यात आवडलं होतं," ज्ञानदा मागून म्हणाली. "केळ्याला ऊन द्यायचं, दव दाखवायचं नाही, दव दिसलं की ते रुसतं. कसलं भारी! कसं सुचलं तुम्हाला?"

पेन थांबलं. सरांनी त्याला टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

१९७९ साल. गावातल्या बर्थामावशीचा ओटा. मावशी केळी सोलत बोलत होती आणि तरुण सॅन्टन मास्तर भराभर वहीत उतरवत होते. घरी येऊन त्यांनी फक्त तिच्या बोलीचं शाळेतलं मराठी केलं होतं. खाली छापून आलं ते एकच नाव. 'शेजाऱ्याच्या वहीत बघू नकोस' असं आयुष्यभर मुलांना सांगणाऱ्याचं.

"चल," ते उठले. कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"पत्र नाही पाठवायचं?"

"त्यावर सही करणारं माणूस दुसरंच आहे."

बर्थामावशी ओट्यावरच होती. ऐंशी ओलांडलेली, समोर पिकल्या राजेळीची टोपली. सर खालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी काहीही न गाळता सगळं सांगितलं. मावशीचे हात सोलतच होते.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "माझ्या पोराने, केल्विनने वाचून दाखवलेलं मला तवाच. म्हटलं, वा रे मास्तर! माझंच बोलनं, त्याला कपडे घातले."

"मग बोलली नाहीस ती?"

"आठवेल त्याला, म्हटलं. आठवलं की." मावशी हसली. "अठ्ठावीस वर्सांनी."

सरांची नजर पायरीवरच राहिली. ज्ञानदाने मध्येच विचारलं, "आजी, मग तुम्ही सही देणार? म्हणजे तुमचे शब्द कोणीही घेऊ शकेल, बदलू शकेल."

"बदलनार? ते कशाला?" मावशीचा हात पहिल्यांदा थांबला. "नाय देनार. माझं बोलनं माझ्याकडे ऱ्हाऊ दे."

ज्ञानदाचा चेहरा पडला. "पण मग लेख..."

सरांनी मान वर केली. वर्गात एखादं गणित सुटताना बदलायचा तसा त्यांचा आवाज बदलला. "ज्ञानदा, शब्द तिचे आहेत. पण केळं उन्हात वाळतं, ही गोष्ट कुणाच्याच मालकीची नाही. ती तू तुझ्या शब्दांत लिहायची. खाली संदर्भ म्हणून स्मरणिकेचं नाव द्यायचं. हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं."

"माझ्या शब्दांत? सर, मी तर सुकेळी कधी करताना बघितलीसुद्धा नाही."

"मंग बघ की," मावशीने टोपली तिच्याकडे ढकलली. "हे असं धरायचं. नख नाय लावायचं. आठ दिस येत जा."

ज्ञानदा मांडी घालून बसली. पहिलं केळं तिच्या हातात मोडलं. मावशीने ते उचलून तिच्याच तोंडात कोंबलं आणि दुसरं दिलं.

सर उठून बाजूला उभे राहिले. वही आणली नाही हे त्यांच्या लक्षात आलं. खिशात हात घातला तर तो घडी केलेला कागद.

"आता काय लिहितोस?" मावशी म्हणाली. "तवापन नुसता लिहीतच बसलेलास. एक केळं नाय सोललंस."

सरांनी कागद उघडला, ओट्यावर पालथा पसरला आणि सालं टाकायला तिघांच्या मध्ये ठेवला. मग बाह्या दुमडून ते ज्ञानदाच्या शेजारी बसले.

"दाखव, मावशी," ते म्हणाले. "कसं धरायचं?"